नवी हवा मानवते ती नव्या पानाला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अठरा दिवसांपूर्वी तुमच्याकडे सहा घट असलेली टांगती घटपर्णी, म्हणजे घटांत किडे पकडून पचवणारी नेपेन्थिस, आली. आज त्यातले चार घट वरून खाली वाळत आलेत, पाचव्याचं झाकण कुरकुरीत झालंय आणि सगळ्यात नव्या पानाच्या टोकाचा तणावा काळा पडलाय. मधल्या काळात तुम्ही तिला खिडकीतून गॅलरीत, गॅलरीतून न्हाणीघरात आणि तिथून परत खिडकीत नेलंत, कुंडी बदललीत, दिवसातून तीनदा पाणी फवारलंत, मातीत अर्ध्या मात्रेचं खत घातलंत आणि उपाशी असेल म्हणून दोन घटांत मुंग्या टाकल्यात. आता विचारताय की ती मरतेय का, आणि तिच्यावर काचेची पेटी झाकू का.

मरत नसावी. तुम्ही लिहिलंय की मधला शेंडा हिरवा आहे आणि पानं ताठ आहेत. घटपर्णीचा जीव शेंड्यात आणि खोडात असतो, घटांत नाही. सहाच्या सहा घट वाळले तरी हिरव्या शेंड्याचं झाड मी मेलेलं धरत नाही. उलट घट टवटवीत आहेत पण शेंडा तपकिरी आणि लिबलिबीत झालाय, असं झाड आलं की पोटात गोळा येतो.

पण तुमची खरी अडचण वाळलेले घट ही नाहीच. अठरा दिवसांत झाडाने तीन जागा, दोन कुंड्या आणि एक खत पाहिलंय. एका जागेशी जुळवून घ्यायला सुरुवात करावी, तोवर जागाच बदलली. काळजीपोटीच केलंत सगळं, कळतंय. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. म्हणून उपाय सांगण्याआधी हे झाड नव्या जागी रुळतं म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते. ते एकदा लक्षात आलं की निम्मे उपाय आपोआप गळून पडतात.

घटपर्णीत आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर पानाचा पसरट झालेला बुडखा. त्याच्या टोकातून मधली शीर तणाव्यासारखी बाहेर लांबते आणि तिच्या टोकाला घट फुगतो. म्हणजे पान, तणावा आणि घट मिळून एकच पान. ते पान घडत असताना भोवती जशी हवा असते तसं ते बनतं. नर्सरीच्या ग्रीनहाउसमध्ये दमट, संथ हवा असते. तिथे घडलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि वाफ सोडणारी पर्णरंध्रं सैल असतात, वेळेवर घट्ट मिटत नाहीत. तिथे मिटायची गरजच पडलेली नसते. असं पान कोरड्या हवेत आलं की त्यातून पाणी निसटत राहतं, मुळं कितीही ओली असली तरी. आणि तयार झालेलं पान मेणाचा थर मागाहून फारसा जाड करू शकत नाही. जे घडलं ते घडलं.

झाडाला पाण्याची चणचण भासली की ते आधी घट सोडतं. घट बनवणं आणि भरलेला ठेवणं हा त्याच्यासाठी महागडा कारभार. झाकण वाळतं, मग ओठ, मग वरचा अर्धा भाग, आणि शेवटी पानाला लटकलेला तपकिरी पापुद्रा उरतो. पान मात्र पुढे कित्येक महिने हिरवं राहून झाडाला पोसतं. म्हणून घट वाळला तर वाळलेला भाग तेवढा कापा, पानाला कात्री लावू नका. बुडाशी दोन बोटं हिरवा घट उरला असेल तर तोही राहू द्या.

हे मी मानायला लागले ते एका प्रयोगामुळे. प्रयोग कसला, आळसच तो. एकाच मातृवेलीच्या दोन फांद्या एकाच दिवशी लावल्या. दोन्ही पिशवीत झाकल्या होत्या. एकीची पिशवी मी महिन्याभरात हळूहळू उघडत नेली. दुसरी मागच्या फळीवर होती, ती राहून गेली. सहा महिन्यांनी लक्षात आलं तेव्हा पिशवीतली वेल बघण्यासारखी झाली होती. मोठी, मऊ, फिकट हिरवी पानं आणि पाच घट. बाहेरची वेल तिच्यापुढे खुजी वाटत होती. आखूड, जाडसर पानं, घट दोनच. पिशवीतली काढून दुसरीच्या शेजारी ठेवली. दमटपणा ५५ टक्के. दुपारपर्यंत तिची पानं कडेने गुंडाळायला लागली, चौथ्या दिवशी पाचही घटांची झाकणं वाळली. शेजारची खुजी वेल ढिम्म. दोघी एकाच आईच्या फांद्या, तेव्हा जातीला दोष देता येत नव्हता. फरक इतकाच होता की कोणाचं कुठलं पान कुठल्या हवेत घडलं.

तेव्हापासून मी नवीन झाडाला किती दिवस झाले हे मोजत नाही, आल्यापासून किती पानं आली ते मोजते. तुमच्या जागेत पहिलं पान उलगडतं ते अर्धंमुर्धं जुन्याच हवेतलं असतं, कारण शेंड्यात त्याची घडण आधीच सुरू झालेली असते. दुसरं पान बरंचसं तुमचं. तिसरं पूर्ण तुमचं. सर्वसाधारण संकराला एका पानाला तीन-चार आठवडे लागतात, गारव्यात वाढणाऱ्या जातींना त्याहून जास्त. पान उलगडल्यावर घट उघडायला आणखी महिना-दोन महिने सहज. म्हणजे रुळलेलं झाड बघायला तीन-चार महिने लागणार. तुमचे अठरा दिवस झालेत.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जात कोणती. तुम्ही लिहिलंय की लेबल नव्हतं. लेबल नसलेली, टांगत्या कुंडीत विकायला असलेली, लालसर-हिरव्या, मधे किंचित आवळलेल्या घटांची वेल असेल तर ती बहुतेक व्हेन्ट्राटा नावाचा संकर असते. असेल तर नशीबवान आहात, इतकं सोशिक झाड या कुळात दुसरं शोधावं लागेल. नेपेन्थिसच्या जाती मात्र ढोबळमानाने दोन गटांत पडतात. साधारण हजार मीटरच्या खालच्या, उष्ण दमट सखल भागातल्या अँप्युलेरिया, रॅफ्लेसियाना, बायकॅल्करॅटा यांना दिवसा ३० अंश आणि रात्री २० च्या वर लागतं. डोंगरमाथ्यावरच्या जातींना दिवसा २० ते २५ आणि रात्री १० ते १५. हा रात्रीचा गारवा म्हणजे लाड नव्हेत. तो नसेल तर डोंगरी जात महिनोन्‌महिने हळूहळू लहान होत जाते. पानं येत राहतात, पण प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लहान.

राजा नावाची जात बोर्निओतल्या किनाबालू आणि शेजारच्या तांबुयुकॉन या डोंगरांवर साधारण १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी १८५९ मध्ये तिचं वर्णन केलं. तिला उष्ण रात्रींची सवय कशी लावायची, असं मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं. नाही लागत. जुळवून घेणं म्हणजे झाडाच्या जातीत जेवढी ताणायची सोय आहे तेवढं ताणणं. त्यापलीकडे धीर, प्रेम, पिशवी, काही कामाचं नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या हौशी लोकांनी सगळ्याच घटपर्णी कोंदट, तापलेल्या काचघरांत ठेवल्या, कारण उष्ण प्रदेशातलं झाड म्हणजे त्याला वाफाऱ्यात ठेवायचं असा समज होता. सखल भागातल्या फोफावल्या, डोंगरी मेल्या. तेव्हा आधी जात ओळखा. घटाचा आणि पानाच्या देठाचा स्पष्ट फोटो असेल तर सांगता येईल.

आणि एक शक्यता मिटवून टाकू. घट थेट कुंडीतून उभ्या नळ्यांसारखे वर आले असतील, तणाव्याला लटकलेले नसतील, तर ती नेपेन्थिस नाही, सरासेनिया आहे. ती उत्तर अमेरिकेतल्या दलदलीतली. तिला कडक ऊन, बुडाशी सतत पाणी आणि हिवाळ्यात थंड विश्रांती लागते. तसं असेल तर इथून पुढचं जवळजवळ सगळं उलटं करावं लागेल. पण तुम्ही तणावा म्हणालात, म्हणून नेपेन्थिस धरून पुढे जाते.

दमटपणाबद्दल. तुम्ही दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर आणलात आणि तो ६० टक्के दाखवतोय, तरी घट का वाळले असं विचारलंत. ६० टक्के हा आकडा एकटा काही सांगत नाही, सोबत तापमान लागतं. २२ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ३५ अंशांच्या हवेत जवळपास ४०. दोन्हीकडे ६० टक्के भरलेलं असेल तर पहिल्या हवेत आणखी आठेक ग्रॅमची जागा रिकामी आहे, दुसरीत सोळाची. ही रिकामी जागा म्हणजे हवेची तहान, आणि ती झाडाच्या पानांतून भागवली जाते. तुमची खिडकी दुपारी ३५ अंशांना जात असेल तर मीटरवर तोच ६० चा आकडा असूनही पानांवरचा ताण दुप्पट होतो. तिथे २२ अंशांतल्या ६० टक्क्यांइतका सुखावह दमटपणा हवा असेल तर ८० टक्के लागेल. म्हणून नवीन झाडाचं पहिल्या महिन्यात मी तापमान आधी उतरवते, दमटपणाची काळजी मागाहून. दुपारची तीन तास उन्हाची तिरीप चुकवली तरी अनेकदा काम होतं.

फवारणीने यातलं काही होत नाही. पानावरचं पाणी दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं आणि हवा होती तिथे येते. तीनदा फवारून तुम्ही दिवसातले पाऊण तास दमट केलेत, उरलेले सव्वातेवीस तास तसेच. नुकसान काही नाही, पण समाधान झाडापेक्षा आपल्यालाच जास्त मिळतं. कठीण पाणी फवारलं तर पानांवर पांढरे डागही राहतात.

आता पिशवी. काचेची पेटी झाका असं मी म्हणणार नाही. पेटी एकतर असते किंवा नसते, तिला मधल्या पायऱ्या नसतात. पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पिशवी घ्या, कुंडीसकट झाड मावेल अशी. दोन काड्या रोवून पिशवी पानांपासून दूर ठेवा आणि तोंड बुडाशी सैलसर बांधा. पहिला आठवडा बंद. रोज सकाळी एकदा उघडून पाच मिनिटं हवा बदला, नाहीतर बुरशी धरते. दुसऱ्या आठवड्यात कात्रीने पिशवीच्या वरच्या बाजूला बोट जाईल एवढी चार भोकं. चार दिवसांनी आणखी चार. तिसऱ्या आठवड्यात वरचा एक कोपरा कापा. चौथ्यात पूर्ण वरची बाजू उघडी, म्हणजे झाड नळीत उभं असल्यासारखं. मग पिशवी कडेने खाली सारत न्या.

पायरी पुढे टाकायची की नाही हे कॅलेंडर सांगणार नाही. ते दुपारी सांगतं झाड. दोन-अडीचच्या सुमारास जाऊन सगळ्यात कोवळ्या पानाला बोटाची मागची बाजू लावून बघा. ताठ आणि गार लागलं तर ठीक. पान हलकेच लवचीक, किंचित मऊ लागलं, कडा आत वळू पाहत असतील तर कालच्या भोकांना चिकटपट्टी लावा आणि तीन दिवस थांबा. एवढं मागे-पुढे प्रत्येकाचं होतं. पानाच्या कडा संध्याकाळी परत सपाट झाल्या तर ते फक्त दमलं होतं. सकाळीही तशाच असतील तर घाई झाली.

पिशवीबाबत एकच गोष्ट हात जोडून सांगते. तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नका. तिसऱ्या वर्षी माझ्याकडे आठ डोंगरी रोपं होती, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. सकाळी डबा जागेवरून सरकवला आणि उन्हाचा एक पट्टा त्यावर आला. चाळीस मिनिटांनी परत आले तर आतला थर्मामीटर ४७ दाखवत होता आणि पानं शिजलेल्या भाजीसारखी पारदर्शक दिसत होती. पाच गेली. उरलेल्या तीनपैकी दोन खोडाच्या बुडातून फुटली, तेही सात महिन्यांनी.

सगळ्यांनाच पिशवी लागते असंही नाही. व्हेन्ट्राटासारखं दणकट झाड, तापमान २५ च्या आसपास, दमटपणा ५० च्या वर, असं असेल तर मी झाकतही नाही. चार घट जातात, जाऊ देते. पुढची पानं घट्टमुट्टच येतात. तुमच्या झाडालाही कदाचित तसंच करता आलं असतं, पण आता तणावाही काळा पडलाय आणि मुळंही हलवलीयत, म्हणून महिनाभराची पिशवी द्यावी असं मला वाटतं. प्रयोगशाळेतल्या बाटलीतून आलेलं इवलंसं रोप असेल तर मात्र पिशवीशिवाय गत्यंतर नाही. त्याच्या पानांना मेण जवळजवळ नसतंच, आणि त्याला महिना नव्हे, दोन-तीन महिने लागतात.

उजेडाकडे येते, कारण दमटपणाच्या मागे लागून लोक उजेड विसरतात. तुमच्या न्हाणीघरात दमट हवा होती, पण तिथे तुम्ही वाचायलासुद्धा दिवा लावत असाल. घट न येण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण कमी उजेड हे आहे. अंधाऱ्या दमट जागेत पानं लांब, मोठी, गडद हिरवी येतात, तणावे नुसते लोंबत राहतात. घटासाठी भरपूर, पण गाळीव उजेड लागतो. मोबाइलवरच्या उजेड (लक्स) मोजायच्या अ‍ॅपवर दिवसाच्या मधल्या तासांत पानांपाशी १० ते १५ हजार लक्स दिसले तर मला पुरेसं वाटतं. सकाळचं तासभर कोवळं ऊन बहुतेक जातींना रुळल्यावर मानवतं. एलईडी वापरत असाल तर रोज १२ ते १४ तास, आणि सुरुवातीला दिवा लांब ठेवून आठवड्याला चार बोटं जवळ आणा.

उजेड वाढवतानाही नियम तोच. जुन्या पानांना नवा उजेड पेलत नाही, नव्या पानांना पेलतो. पान भाजलं की एक-दोन दिवसांत उन्हाच्या बाजूला फिकट, कागदासारखा कोरडा डाग येतो. पान लाली धरायला लागलं तर ते भाजणं नाही. लाल रंग हा झाडाने स्वतःवर धरलेला पडदा आहे, आणि थोडी लाली मला आवडते.

कुंडी तुम्ही बदलून बसलाच आहात, तेव्हा पुन्हा बदलू नका. पुढच्या वेळी लक्षात असू द्या, आल्या आल्या कुंडी फक्त दोनच कारणांसाठी बदलायची. माती कुजून आंबूस वास येत असेल तर, किंवा ती खत घातलेली बागेची माती असेल तर. नाहीतर दोन नवी पानं येईपर्यंत जुन्या कुंडीतच. नेपेन्थिसची मुळं केसांसारखी बारीक, ठिसूळ आणि काळी असतात. हो, काळीच. तुम्ही लिहिलंय, “काही मुळं काळी पडलेली होती, ती कापली.” वाचून मला माझीच आठवण झाली. पहिल्या वर्षी मीही काळी दिसली म्हणून कुजली समजून मूठभर मुळं कापली होती. निरोगी मूळ काळं-तपकिरी, लवदार आणि टोकाला पांढरट असतं, ओढलं तर तग धरतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. कापलेली मुळं चांगली असतील तर पिशवीची गरज आणखी वाढते, कारण आता पाणी ओढणारे हातच कमी आहेत.

नवं मिश्रण कशाचं आहे ते तुम्ही सांगितलं नाहीत. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) निम्मं निम्मं, किंवा त्यात थोडी ऑर्किडची साल, हे मी वापरते. नारळाच्या सालीचे तुकडे चालतात, पण त्यात मीठ असतं, तीन-चारदा भिजवून पिळून घेतल्याशिवाय नको. मिश्रण मुठीत दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार नाही. सरासेनियासारखं ताटलीत पाणी साठवून ठेवू नका. वरून घाला, खालून वाहून जाऊ द्या.

पाण्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, आणि मला खरी धास्ती तिथेच आहे. ही झाडं ज्या मातीत वाढतात तिथे क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तर बिचारी किडे पकडतात. पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तातला असला तरी चालेल. ५० पीपीएमच्या आत उत्तम, १०० पर्यंत निभतं, त्यावर गेलं तर परिणाम लगेच दिसत नाही आणि म्हणूनच फसगत होते. चार-सहा महिन्यांनी पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात आणि माणूस दमटपणाला दोष देत बसतो. तुम्ही खत घातलंत त्यासाठी आजच एक काम करा. कुंडीच्या आकाराच्या तिप्पट शुद्ध पाणी सावकाश वरून ओता आणि निथळू द्या. दोन दिवसांनी परत एकदा. रुळणाऱ्या झाडाच्या मुळांना खत म्हणजे आजाऱ्याला पंचपक्वान्न.

तर पुढच्या दीड महिन्याचं तुमचं वेळापत्रक इतकंच राहतं. आज कुंडी धुवायची, जागा एकदाच ठरवायची (खिडकी चालेल, दुपारच्या उन्हाला पातळ पडदा), पिशवी चढवायची आणि मग हात आवरायचे. त्यानंतर पिशवीच्या पायऱ्या सोडल्या तर एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांमध्ये किमान दहा दिवस. बिघडलं तर कशाने बिघडलं हे तरी कळेल. झाड बाकीच्या झाडांपासून महिनाभर लांब ठेवा, नव्या झाडाबरोबर पिठ्या ढेकूण आणि फुलकिडे फुकटात येतात. पानांच्या बगला आणि मागची बाजू आठवड्यातून एकदा भिंगाखाली बघा.

काळा पडलेला तणावा परत हिरवा होणार नाही. त्या पानाला घटाची एकच संधी होती, ती गेली. टोक जिथे वाळलंय तिथवर कापा किंवा तसंच राहू द्या, झाडाला फरक पडत नाही. लक्ष पुढच्या पानाकडे. ते आधीच्यापेक्षा लहान, जाड आणि ताठ निघालं की लोक मला घाबरून फोटो पाठवतात. मला त्यात तुमची हवा ओळखलेलं पान दिसतं. त्याच्या तणाव्याच्या टोकाला आधी तांदळाच्या दाण्याएवढी गाठ दिसेल. ती खाली वळून वर उचलली जाते, चपटी असते, मग एका आठवड्यात फुग्यासारखी भरते. झाकण बंद असतानाच आतला रस तयार झालेला असतो. या काळात त्या गाठीला हात लावू नका, कुंडी फिरवू नका, पंख्याचा झोत येऊ देऊ नका. पहिल्या नव्या पानाला घट आला नाही तर निराश होऊ नका, माझ्याकडे निम्म्या वेळा येत नाही. तिसऱ्यालाही नाही आला तर उजेड कमी आहे असं समजा, आणि मगच जागा बदला.

काळजी कधी करायची? शेंडा तपकिरी होऊन ओढल्यावर सुटला, खोड बुडाशी मऊ पडलं, किंवा सगळी पानं एकदम सकाळीच लोळली आणि मिश्रण ओलं आहे, तर मुळं गेलीत. तेव्हा थांबू नका, वरच्या निरोगी खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून ओल्या मॉसमध्ये पिशवीखाली लावा. बुडाशी जिवंत भाग राहिला असेल तर तिथूनही कोंब फुटतात, म्हणून कुंडी महिनाभर तरी फेकू नका.

राहता राहिला सहावा घट, जो अजून हिरवा आहे, आणि मुंग्या. प्रवासात घट उलटा झाला असेल तर त्यातला रस सांडलेला असतो. आत बोटभरसुद्धा ओल नसेल तर एक तृतीयांश भरेल इतकं शुद्ध पाणी सोडा, त्याने तो थोडे दिवस जास्त टिकतो. काठोकाठ भरू नका. मुंग्या ज्या दोन घटांत टाकल्यात ते वाळत चाललेत, पचवायची ताकद त्यांच्यात आता फारशी नाही. मुंग्या चिमट्याने काढत बसू नका, उगाच खोड हलेल. वास मारायला लागला तर घटाचा तेवढा भाग कापा. पुढचा किडा पहिला नवा घट उघडून दोन आठवडे झाल्यावर टाका, तोही एकच, आणि बहुतेक वेळा तोवर एखादी मुंगी स्वतःच आत घसरलेली असते.